आधीच्यांची चूल

अमेरिकेतल्या युटा राज्यात इंटरस्टेट ७० महामार्गावर ग्रीन रिव्हर हे गाव मागे पडलं की सलायना येईपर्यंत सुमारे १७० किलोमीटर ना पेट्रोलपंप, ना खानावळ, ना वस्ती. मधल्याच एका फाट्याला भाचीने गाडी वळवली आणि डांबर संपलं. रस्त्यात आडव्या बसवलेल्या लोखंडी दांड्यांवरून चाकं खडखडत गेली. खाली खड्डा, वर दांडे. गाडी सहज जाते, गुरं मात्र पाय अडकेल म्हणून ओलांडत नाहीत. पुढे लाल माती, जुनिपरची खुजी झाडं आणि एक तपकिरी खांब, त्यावर फक्त रस्त्याचा क्रमांक. फाटक नाही, चौकीदार नाही, पावती फाडणारा कुणी नाही.

“मामा, आता चूल शोध,” ती म्हणाली.

तिला म्हणायचं होतं दगडांचं वर्तुळ, मध्ये काळपट राख. आधी कुणीतरी राहून गेल्याची खूण. ती दिसेल तिथेच थांबायचं, नवी जागा करायची नाही. माझ्या मनात नेमकं उलटं होतं. एवढं अफाट माळरान पसरलेलं असताना जिथे कुणाचा पाय लागला नसेल तिथे तंबू ठोकावा, उगाच दुसऱ्याच्या राखेशेजारी कशाला झोपायचं? भाचीचंच बरोबर होतं. पण ते का बरोबर, हे समजायला मला परत आल्यावर बरंच वाचावं लागलं. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

या प्रकाराला तिकडे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. विखुरलेला मुक्काम म्हणू या. आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये क्रमांक घातलेल्या जागा असतात, टेबल, नळ, शौचालय असतं आणि रात्रीचं भाडं असतं. विखुरलेल्या मुक्कामात यातलं काहीही नसतं. आरक्षण नाही, भाडं नाही आणि म्हणून सोयही नाही. पाणी आपलं आपण न्यायचं, माणशी रोज निदान चार लिटर. कचरा आपला आपण परत आणायचा. वाळूत चाक रुतलं तर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. सरकार इथे भाडं घेत नाही ते केवळ मन मोठं म्हणून नव्हे. करमणुकीसाठीच्या शुल्काचा २००४ चा केंद्रीय कायदाच सांगतो, की जिथे किमान सोयी उभारलेल्या नाहीत तिथल्या मुक्कामाचे पैसे घेता येणार नाहीत.

बोलीत याच प्रकाराला बूनडॉकिंग असाही शब्द आहे आणि तो फिलिपिन्समधून आला आहे. टागालोग भाषेत ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो उचलला आणि आडरान या अर्थाने घरी आणला. दुसऱ्याच्या डोंगराचा शब्द आपल्या माळावर येऊन राहिला. जमिनीचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही.

तर ही जमीन कुणाची? अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ताब्यात सुमारे ६४ कोटी एकर आहेत, देशाच्या भूभागाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. त्यातले २४.५ कोटी एकर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे, ज्याला सगळे बीएलएम म्हणतात, आणि १९.३ कोटी एकर फॉरेस्ट सर्व्हिसकडे. विखुरलेला मुक्काम चालतो तो मुख्यतः या दोन खात्यांच्या जमिनीवर. नॅशनल पार्कचं खातं तिसरं, त्याचे नियम कितीतरी कडक. महाराष्ट्र एकरांत मोजला तर साडेसात कोटींच्या थोडा पुढे जातो. म्हणजे एकट्या बीएलएमच्या जमिनीत तीन महाराष्ट्र बसतील आणि वर जागा उरेल. ती सारखी पसरलेली मात्र नाही. नेवाडाचा ८० टक्के भाग केंद्राचा, युटाचा साठ टक्क्यांहून जास्त, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या कनेक्टिकटमध्ये एक टक्काही नाही.

हा असमतोल पावसाने घडवला आहे. १८६२ मध्ये लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, जमीन कसा, मग ती तुमची. या कायद्याखाली जवळपास २७ कोटी एकर खासगी मालकीत गेले. पण १६० एकरांचा हिशेब ओल्या मुलखात बसून केलेला होता. जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात एक हात गमावलेला भूगर्भशास्त्रज्ञ १८६९ मध्ये होड्या घेऊन ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या उतरून गेला. आम्ही मुक्काम केला तिथून पूर्वेला तेच पात्र आहे. १८७८ च्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं, की या कोरड्या पश्चिमेत गुरं पाळून जगायचं तर एका कुटुंबाला १६० नव्हे, २,५६० एकर लागतील. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. लोक आले, विहिरी कोरड्या लागल्या, बरेच जण सोडून गेले. डोंगरमाथ्यावरची जंगलं १८९१ पासून राखीव होऊ लागली आणि १९०५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसकडे गेली. नदीकाठची चांगली जमीन लोकांनी घेतली. या दोहोंच्या मधला, कुणालाच न परवडलेला पट्टा सरकारच्या हातात पडून राहिला. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने त्यावरच्या बेबंद चराईला परवाने लावले, १९४६ मध्ये दोन जुनी खाती जोडून बीएलएम झालं आणि १९७६ च्या कायद्याने संसदेने धोरणच ठरवलं, की ही जमीन यापुढे सहसा विकायची नाही, लोकांसाठी राखायची.

म्हणजे ही मोकळीक कुणी आखून दिलेली नाही. ती उरली आहे.

‘कुणालाच न परवडलेली’ असं मी वर लिहिलं, पण ते अर्धंच खरं आहे. यूट, पायूट, नवाहो आणि इतर अनेकांना ती पिढ्यान्‌पिढ्या परवडत आली होती. १८४८ च्या तहाने मेक्सिकोने हा सारा मुलूख अमेरिकेला दिला तेव्हा इथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. पुढे त्यांना राखीव वसाहतींत ढकललं गेलं आणि मागे राहिलेल्या जमिनीला ‘सार्वजनिक’ हे नाव मिळालं. सॅन राफाएल स्वेल या भागात, जिथे आम्ही होतो, बकहॉर्न वॉशच्या कड्यावर लाल रंगात काढलेल्या उंच मानवाकृती आहेत. त्यांतल्या बऱ्याच बिनहाताच्या. रस्त्याच्या इतक्या जवळ, की गाडीतून उतरून वीस-तीस पावलांत आपण त्यांच्यासमोर उभे राहतो. त्या काढणारे हजारहून अधिक वर्षांपूर्वी इथे मुक्कामालाच होते. अशा खुणांना धक्का लावणं १९७९ च्या कायद्याने केंद्रीय गुन्हा आहे, आणि तरीही त्या चित्रांवर नावं कोरणारे होऊन गेले. युटाच्याच दक्षिणेला बेअर्स इअर्स नावाचा राखीव प्रदेश आहे. पाच जमातींच्या आग्रहाने तो २०१६ मध्ये घोषित झाला, २०१७ मध्ये छाटला गेला, २०२१ मध्ये पुन्हा पहिल्यासारखा केला गेला आणि २०२२ पासून त्याच्या देखभालीत त्या जमातींनाही अधिकृत वाटा आहे. फुकट झोपायला जाणाऱ्याने निदान एवढं माहीत करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता व्यवहाराकडे. जागा सापडते ती नकाशावर. अमेरिकेतल्या जमीन-मालकीच्या नकाशांत बीएलएम पिवळं, फॉरेस्ट सर्व्हिस हिरवी, राज्याची जमीन निळी आणि खासगी जमीन पांढरी असते. पिवळं आणि हिरवं आपल्या कामाचं. फॉरेस्ट सर्व्हिस शिवाय मोटारींसाठी एक साधा काळा-पांढरा नकाशा फुकट देते. कोणत्या रस्त्याने गाडी न्यायची आणि रस्त्यापासून किती फूट आत मुक्कामासाठी उतरवायची, हे त्यात खुणांनी दाखवलेलं असतं. काही ठिकाणचा नकाशा फारच चमत्कारिक दिसतो, बुद्धिबळाच्या पटासारखा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक मैलाचे चौकोन इनाम दिले होते, त्याचा तो वारसा. एक चौकोन खासगी, शेजारचा सरकारी, आणि सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्याच्या टोकाशी भिडलेले. वायोमिंगमध्ये काही शिकारी अशा कोपऱ्यावर शिडी उभी करून, खासगी जमिनीला पाय न लावता, एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात उतरले. खटला झाला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला, की खासगी जमिनीला पाय न लावता असं ओलांडणाऱ्यांना जमीनमालक अडवू शकत नाही. आपल्याकडे बांधावरून पिढ्यांचे दावे चालतात. इथे वाद होता तो एका बिंदूचा.

राहायचे दिवसही ठरलेले आहेत. बीएलएमच्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस, मग बऱ्याच ठिकाणी निदान २५ मैल लांब सरकायचं. फॉरेस्ट सर्व्हिसचेही बहुतेक ठिकाणी चौदाच्या आसपास, पण प्रत्येक जंगलाचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून स्थानिक कार्यालयाला फोन करून विचारलेलं बरं. आणि ही जमीन फक्त मुक्कामाला येणाऱ्यांची नाही. कायद्याने ती बहुउपयोगी आहे. तिथेच गुरं चरतात, खाणी चालतात, तेलाचे पट्टे दिले जातात. २०२५ मध्ये गाय-वासराच्या जोडीला महिनाभर चारायचा केंद्रीय दर १ डॉलर ३५ सेंट होता. आमच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर सकाळी चार काळ्या गाई उभ्या होत्या. परवान्याने आलेल्या त्या, बिनपरवान्याचे आम्ही, आणि दोघेही नियमातच.

आता चुलीकडे.

माणूस जमिनीवर राहिला की जमिनीचं काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेत सहा दशकांहून जास्त काळ चालू आहे. १९६५ मध्ये फ्रिसेल आणि डंकन या दोघांनी मिनेसोटा आणि कॅनडाच्या सीमेवरच्या तळ्यांच्या प्रदेशात, होडीने फिरणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागा तपासल्या. अपेक्षा अशी असते, की दुप्पट माणसं राहिली तर दुप्पट नुकसान. तसं दिसलं नाही. अगदी कमी वापराच्या जागांवरही जमिनीवरचं बहुतेक हिरवं आवरण आधीच गेलेलं होतं. पुढे मोंटानातल्या आल्डो लिओपोल्ड संशोधन संस्थेच्या डेव्हिड कोल यांनी आणि इतरांनी हेच पुन्हा पुन्हा मोजलं. नुकसानीची रेघ सुरुवातीला कड्यासारखी चढते आणि मग पठारासारखी सपाट होते. पहिल्या काही रात्रींतच कोवळी झाडं मोडतात, पाचोळ्याचा थर विस्कटतो, माती दबते. त्यानंतर त्याच जागेवर आणखी शंभर रात्री काढल्या तरी भर पडते ती थोडी. उलट, भरून यायला लागणारा काळ बिघडायला लागलेल्या काळाच्या कितीतरी पट असतो. बिघाड आठवड्याचा, भरपाई वर्षांची.

एवढं लक्षात आलं की भाचीचं वागणं उलगडतं. शंभर माणसांनी एकाच जुन्या जागेवर रात्र काढली तर एक जागा खराब राहते. शंभर जणांनी ‘अस्पर्श’ जागा शोधली तर शंभर जागा खराब होतात, आणि प्रत्येक नवी चूल पुढच्या माणसाला बोलावते. म्हणून ‘विखुरलेला’ या शब्दाने फसायचं नाही. गाडीने पोचता येणाऱ्या ठिकाणी विखुरायचं नसतं, आधीच मळलेल्या जागेत मावायचं असतं. खरोखर निर्जन, पायीच गाठता येणाऱ्या मुलखात नियम बदलतो. तिथे खडकावर, वाळूवर किंवा वाळक्या गवतावर एक रात्र राहावं आणि खूण न ठेवता उठावं. सगळ्यात वाईट ती मधली जागा, नुकतीच मळू लागलेली. ती सोडून द्यायची, म्हणजे ती सावरेल.

युटाच्या वाळवंटात हा मुद्दा दुप्पट लागू होतो. जुनिपरच्या आडोशाला मातीवर मला एक काळसर, खरबरीत, बारीक मनोऱ्यांसारखी उठलेली साय दिसली. मी ती सुकलेला चिखल समजून पाय टाकणार होतो, तेवढ्यात भाचीने दंड धरून मागे ओढलं. ती साय जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीव ओल मिळाली की मातीच्या कणांतून चिकट धाग्यांसारखे पुढे सरकतात आणि कणांना एकमेकांना बांधून ठेवतात. वर दगडफूल आणि शेवाळ येऊन बसतं. हा थर हवेतला नायट्रोजन मातीत आणतो, पावसाचं पाणी धरतो आणि वाऱ्याने माती उडू देत नाही. वाळवंटाची सगळी मशागत तोच करतो. कोरडा असताना तो बिस्किटासारखा ठिसूळ असतो. एका पावलाने मोडलेला थर पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात. माझं पाऊल तिथे पडलं असतं तर मी गेल्यावरही ते राहिलं असतं.

आता नको वाटणारा पण टाळता न येणारा विषय. शौचालय नसेल तर पाणवठ्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून निदान २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा आणि नंतर बुजवायचा. जंगलातल्या काळ्या मातीत हे चालतं, कारण तिथे कुजवणारे जीव भरपूर असतात. वाळवंटात ते काम अतिशय सावकाश होतं. म्हणून युटातल्याच मोआब गावाच्या आसपास तर विष्ठाही खास पिशवीत भरून सोबत परत न्यावी लागते. हे ऐकून माझ्या मनात धनगरांचा वाडा आला. आपल्याकडे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला धनगरांना बोलावतो, धान्य किंवा पैसे देतो, कारण त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाने रान खतावून निघतं. माणसाच्या मुक्कामाने जमिनीचं भलं होणारी ती रीत आहे. त्यामागे मेंढरं असतात, पिढ्यांचं गणित असतं, आणि ज्या रानात वाडा बसतो ते नांगरटीचं असतं. सुट्टीला आलेल्या आपल्यासारख्यांपाशी यातलं काहीच नसतं.

विस्तवाबद्दल तर थोडीही सवलत देऊ नये. २०१३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनिस्लॉस जंगलात मनाई असताना पेटवलेली एक शेकोटी हाताबाहेर गेली आणि अडीच लाख एकरांहून जास्त जंगल जळलं, योसेमिटीच्या आतपर्यंत. तो वणवा रिम फायर नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात बहुतेक जिल्ह्यांत शेकोटीवर टप्प्याटप्प्याने बंदी येते आणि बंदी नसली तरी नियम असतात. जुन्याच वर्तुळात पेटवायची. लाकूड जवळच्या गावात विकत घ्यायचं, लांबून आणलं तर त्यातली कीडही सोबत येते. आणि वाळवंटातलं पडलेलं लाकूड उचलायचं नाही, तिथे ते आधीच तुटपुंजं असतं. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो, बंदी नव्हती. तरी भाचीने पाण्याचा कॅन आधी शेजारी ठेवला आणि मग काडी ओढली. कोरड्या ओढ्याच्या सपाट वाळूत तंबू लावायचा मोहही तिने मला होऊ दिला नाही. आभाळ स्वच्छ असलं तरी वरच्या अंगाला कुठेतरी कोसळलेला पाऊस तासाभरात तिथे भिंतीसारखा येतो. हे सांगताना सह्याद्रीतल्या ओढ्यांची आठवण मात्र तिने मलाच करून दिली.

सगळेच इथे हौसेने येतात असंही नाही. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. थंडी पडली की त्याच्या भोवतालच्या वाळवंटात हजारो फिरती घरं येऊन उभी राहतात. बीएलएमने तिथे १९८३ पासून पूर्ण हिवाळा राहण्यासाठी शुल्क घेऊन वेगळी क्षेत्रं केली आहेत, आणि त्यांच्या बाहेर १४ दिवसांची फुकट जमीनही आहे. उबेला आलेले निवृत्त लोक यात आहेत, तसेच भाडं परवडेनासं झाल्याने गाडीतच संसार थाटलेलेही. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात यांचीच हकिगत आहे, आणि त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. कायदा म्हणतो, ही जमीन घर म्हणून वापरायची नाही. चौदा दिवस भरले की ते इंजिन सुरू करतात आणि २५ मैल सरकतात. तिथे या नियमाचा अर्थ निसर्गरक्षणापुरता उरत नाही.

याच क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात पिरॅमिडच्या आकाराचं एक थडगं आहे, वर धातूचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात उंट वापरून पाहिले तेव्हा ऑटोमन मुलखातून आलेला हादजी अली नावाचा उंटवाला अमेरिकेत पोचला. स्थानिकांच्या जिभेवर त्याचा हाय जॉली झाला आणि १९०२ मध्ये तो इथेच वारला. वाळवंटात उंट हाकायला आलेला तो माणूस कायमचाच मुक्कामाला राहिला.

करोनाच्या काळात या जमिनीवर एवढी गर्दी लोटली की काही ठिकाणी मोकळीक आवळावी लागली. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूटच्या भोवतालच्या खोऱ्यांत २०२१ पासून कुठेही थांबता येत नाही, खांब रोवून दाखवलेल्या जागांतच थांबावं लागतं. मला हे योग्य वाटतं. नुकसानीची ती रेघ डोळ्यांपुढे ठेवली तर हेच निघतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. जून २०२५ मध्ये युटाच्याच एका सिनेटरने पश्चिमेतली वीस-तीस लाख एकर केंद्रीय जमीन विकायचा प्रस्ताव अर्थसंकल्पाच्या विधेयकात आणला. शिकारी, मासेमार, डोंगरभटके, एरवी एकमेकांशी क्वचितच पटणारे हे सगळे एकवटले आणि महिना संपायच्या आत तो मागे घ्यावा लागला. तो पुन्हा येणार नाही असं मानायला मला काहीच कारण दिसत नाही. एकदा विकलेल्या जमिनीला कुंपण पडतं, आणि कुंपणाच्या आतली चूल आपली नसते.

आपल्याकडे राखीव जंगलात विनापरवाना शिरणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि गायरानं एकेका गावाची. तरीही हरिश्चंद्रगडाच्या गुहेत, रतनगडाच्या माथ्यावर, राजमाचीच्या पायथ्याला कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढून वाढलेल्या आमच्या पिढीला त्या राखेची ओळख आहे. गुहेच्या तोंडाशी तीन दगड काळे पडलेले असायचे. आम्ही तेच वापरायचो, नवे लावायला कुणी जात नसे. तेव्हा तो आळस वाटे.

सकाळी भाचीने राखेवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं, पुन्हा ओतलं आणि तळहाताची मागची बाजू राखेत टेकवून पाहिली. मग मला म्हणाली, “तूही बघ.” मी हात लावला. तळाशी, एका दगडाच्या आतल्या अंगाला, अजून कोमट होतं. तिने कॅनमधलं उरलेलं पाणीही तिथे रिकामं केलं.